लवण पाहणारी

माणसाला स्वतःचं सगळं अंग दिसत नाही. पाठ म्हणाल तर दोन आरसे धरले की तीही दिसते. पण गुडघ्याच्या मागची ती खोलगट जागा, जिला आमच्याकडे लवण म्हणतात, ती मेली भलतीच लबाड. मान वळवून पाहावं तर ती मागे सरकते, पाय दुमडून पाहावं तर दुमडीत गडप. तिथे काय चाललंय ते दुसऱ्यानं सांगावं तेव्हाच कळतं.

आणि जळूला नेमकी तीच जागा आवडते. मऊ, ऊबदार, कातडी पातळ. आंधळगावच्या पलीकडच्या तळ्यात शिंगाडे तोडायला ढिवर, म्हणजे मासेमार जातीची, बायामाणसं कमरेइतक्या पाण्यात दिवसभर उभी असतात. जळू चावल्याचं कळतही नाही. म्हणून तिथे एक रीत आहे. पाण्याबाहेर आलं की जोडीदाराकडे पाठ करून उभं राहायचं. जोडीदार वाकतो, दोन्ही लवणींत बोट फिरवतो, जळू असली तर चिमूटभर मीठ टाकून सोडवतो. काठावर मिठाची पुडी ठेवलेलीच असते. ज्याला जोडीदार नाही त्याचं रक्त जळवांनी प्यावं, आणखी काय.

रंजूची आणि देवानंदची जोडी लग्नापासूनची. तीस वर्षं त्यांनी एकमेकांच्या लवणी पाहिल्या. म्हणजे "आहे का?" "नाही." "चला." एवढंच. नवराबायकोत आणखी काय बोलायचं असतं?

रंजूचा स्वभाव पहिल्यापासून जळका, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एकदा त्यांच्याकडे एक म्हैस होती. देवानंद तिला खाजवताना तिच्याशी गुजगोष्टी करायचा. "माह्याशी तं कधी एवढं बोलले नाही तुमी," म्हणून रंजूनं महिनाभर भांडून ती म्हैस विकायला लावली. जिथे म्हशीची ही गत, तिथे बाईमाणसाचं काय सांगावं!

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी रंजूची पिशवी काढावी लागली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, वर्षभर पाण्यात उतरायचं नाही, जड उचलायचं नाही. दिवाळीनंतर शिंगाड्याचा हंगाम लागला आणि रंजू काठावर चूल मांडून बसली. मोठ्या गंजात शिंगाडे उकडायचे, काळे झाले की टोपलीत भरायचे, आणि डोळे पाण्यावर ठेवायचे.

कारण पाण्यात आता देवानंदची जोडीदार रुखमिणी होती. रुखमिणी म्हणजे शेजारच्या डोमाची बायको. डोमा नागपूरला कोणाच्या ट्रकवर ड्रायव्हर लागला होता, सणाला यायचा. तिला जोडी नव्हती, देवानंदला नव्हती, म्हणून मच्छीमार सोसायटीवाल्यांनी दोघांना जोडून दिलं. रंजूला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं बिनदाताचा ताराचंद सुचवला असता.

रुखमिणी चाळिशीची, उंच, कमी बोलणारी. रंजूला कमी बोलणारी माणसं आवडत नाहीत. काय शिजतंय ते कळत नाही. संध्याकाळी दोघं पाण्याबाहेर यायची, देवानंद चड्डीतून पाणी निथळत पाठ करून उभा राहायचा, रुखमिणी वाकायची. रंजूच्या पोटात टाके नसून निखारे आहेत असं तिला वाटायचं. मग रुखमिणी ओलं लुगडं आवळून सरळ झोपडीकडे चालू लागायची. देवानंदनं तिची लवण पाहिलेली रंजूला कधी दिसली नाही. 'म्हणजे तिची पाण्यातच पाहत असतील,' रंजूनं ताडलं. 'माह्या डोळ्याआड.' आता या डोक्याला कोण काय करणार?

एक दिवस रुखमिणी वाकली ती वाकलीच राहिली. एरवी दोन चुटक्यांचं काम. पण तिनं बोटं देवानंदच्या उजव्या लवणीत रुतवली, काढली, पुन्हा रुतवली. काही तरी पुटपुटली. देवानंदनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. गंज उतू गेला तरी रंजूचं लक्ष नाही.

"काय वो रुखमे!" ती काठावरून ओरडली. "जळू शोधून राहिली का सोनं?"

रुखमिणीनं चटका बसावा तसा हात काढला. "जळू होती बाई."

"मंग कुठी गेली?"

"पाण्यात फेकली."

जळू सोडवली की रक्त बराच वेळ गळत राहतं, हे ढिवराच्या पोरालाही ठाऊक. देवानंदच्या पिंढरीवरून मात्र नुसतं तळ्याचं पाणी निथळत होतं. रक्ताचा थेंब नाही, मिठाची पुडी उघडलेलीही नाही. रंजूनं ते पाहिलं आणि चक्क काही बोलली नाही. रंजू गप्प बसली म्हणजे गावानं घाबरायला हवं.

घरी आल्यावर तिनं फर्मावलं, "वळा. लवण दाखवा."

"कायले?"

"मले पाहायची आहे."

"काही नाही तिथं," देवानंद म्हणाला आणि फुलपँट चढवून बाजेवर बसला. तीस वर्षांत घरात लुंगीशिवाय न फिरलेला माणूस त्या दिवसापासून फुलपँट घालू लागला. रंजूनं सासूला सांगितलं. सासू सखाबाई, ऐंशीची, कानानं जड पण तोंडानं खमकी. ती म्हणाली, "लवणीत काय लपवते वो माणूस? तिथं बिडीही ठेवता येत नाही." आणि खो खो हसली. रंजूला हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात देवानंद भंडाऱ्याला गेला. सोसायटीचं काम आहे, मासळीच्या ऑफिसात जातो, म्हणाला. त्या दिवशी तळ्यावर रुखमिणीही नव्हती. संध्याकाळी ताराचंद बोळकं पसरून सांगत आला, "तुया देवानंद अन् रुखमी स्टँडवर भजे खाऊन राहिले होते. एकाच प्लेटीतले!"

एकाच प्लेटीतले. हे दोन शब्द रंजूला रात्रभर टोचले. नवऱ्यानं दुसऱ्या बाईला भजी चारावीत, चारू दे बापा. पण दोन प्लेटी घ्यायला काय झालं होतं? रंजूबरोबर तो कधी हॉटेलात बसला नव्हता. बस सुटंल, बस सुटंल, हेच त्याचं पालुपद.

दिवसेंदिवस देवानंद थोडा लंगडू लागला. चार पावलं चालला की थांबायचा, पिंढरी धरायचा. रंजू कितीही जळकी असली तरी तिचा जीव तुटला. तिनं टोरीचं तेल, म्हणजे आमचं मोहाच्या बियांचं, कोमट केलं आणि त्याच्यापुढे बसली. "द्या पाय. चोळून देतो."

देवानंदनं पाय झटकन ओढून घेतला. "हात नको लावू!"

वाटी कलंडली. तेल सारवलेल्या जमिनीवर पसरलं.

"तिनं लावला तं चालते!" रंजूचा आवाज फाटला. "मी लावला तं नाही चालत!"

"तसं नाही वो."

"मंग कसं?"

देवानंद कलंडलेली वाटी उचलून सरळ ठेवू लागला. रंजूला त्या क्षणी रुखमिणीचा इतका हेवा वाटला की तिची उंची, तिचं गप्प बसणं, तिची लांब बोटं, सगळं ओरबाडून घ्यावंसं वाटलं. तीस वर्षं आपलीच असलेली ती वीतभर जागा. तिथे आता आपल्याला बंदी!

दुसऱ्या दिवशी दुपारी देवानंद जेवून बाजेवर पालथा झोपला. घोरू लागला. पँटचा पाय गुडघ्याच्या वर गेलेला. रंजूनं पुन्हा तेल कोमट केलं, बाजेच्या कडेला बसली आणि पहिल्यांदा ती लवण नीट पाहिली. शंकरपाळ्याच्या आकाराची जागा. वरून दोन्ही बाजूंनी दोन दोऱ्या उतरलेल्या, खाली पिंढरीचे दोन गोळे एकमेकांना भिडलेले, आणि मध्ये ती खोली. जळूचा डाग नव्हता. म्हणजे बाई खोटंच बोलली होती. पण ती खोली पहिल्यासारखी खोल नव्हती, आतून कोणी मूठ लावावी तशी भरून आली होती.

'जिथं तिची बोटं लागली तिथं माही लागतील,' रंजू मनात म्हणाली. तिला ती जागा पुसून काढायची होती, दुसरं काही नाही. तिनं दोन्ही अंगठे रुतवले. आत काही तरी उडालं. बेडकासारखं, टुण्णकन. नस चढली असावी. चढलेली नस दाबून उतरवतात, हे तिला लहानपणापासून माहीत. तिनं सगळा जोर अंगठ्यांत आणला आणि वरून खाली, वरून खाली चोळत सुटली.

देवानंद किंचाळत उठला. "काय केलं तू! अवो काय केलं!"

"नस उतरवली," रंजू म्हणाली.

पण थोड्याच वेळात त्याचा पाय बधिर झाला. बोटं पांढरी पडली. रंजूनं तळव्याला हात लावला तर पहाटेच्या पाण्यासारखा गार. चिमटा काढला तरी त्याला कळेना. वेदनेनं त्याचं तोंड वाकडं झालं होतं आणि त्यातून तो म्हणाला,

"रुखमिणीले बोलाव."

सगळ्या दुनियेतली माणसं सोडून तिलाच! रंजू उंबऱ्यात उभी राहिली. शेजारचं दार दहा पावलांवर, पण तिचा पाय उचलेना. "कायले? मी मेली का?"

"तिले माहीत आहे," देवानंद कण्हला. "डॉक्टरनं तिच्यापुढं सांगतलं. पाय गार पडला तं लगेच आणा म्हणून. जाय वो, जाय. माहा पाय चालला."

रंजूनं मागे वळून त्या पायाकडे पाहिलं. कालच्या मेलेल्या मासोळीचं पोट असतं तसा रंग. हेवा तिनं उंबऱ्यातच टाकला आणि ती धावली. पोटातले टाके धरून धावली.

रुखमिणी भांडी घासत होती. "पाय गार पडला," एवढंच रंजू बोलली. रुखमिणी राखेच्या हातांनी उठली. तिचं लक्ष रंजूच्या तेलकट अंगठ्यांकडे गेलं. पदराला हात पुसून ती ऑटोवाल्याला हाक मारत पळाली.

ऑटोत देवानंदचा पाय रंजूच्या मांडीवर होता. रुखमिणी समोर बसून हळू आवाजात सांगत होती. लवणीत खोल, हाडाला चिकटून, पायाची मोठी रक्ताची नळी जाते. भाऊजींची ती नळी फुग्यासारखी फुगली आहे. आत रक्ताच्या गुठळ्या जमल्या आहेत. त्या दिवशी जळू पाहताना बोटाखाली काही तरी उडताना लागलं म्हणून तिनं पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. भंडाऱ्याला सोनोग्राफी केली. नागपूरला ऑपरेशन ठरलं होतं, शिंगाडे संपल्यावर. आणि चोळायचं नाही, बिलकूल नाही, चोळलं की गुठळी सुटून खाली जाते.

"अन् मले काहून नाही सांगतलं?"

"भाऊजी म्हणाले, तिचे टाके अजून ओले आहेत. तिले घोर नको."

"टाके माह्या पोटाले होते," रंजू म्हणाली, "कानाले नव्हते."

रुखमिणी देवानंदकडे पाहत म्हणाली, "लय घाबरले होते बाई. स्टँडवर रडले. घास उतरेना, म्हणून मी एक प्लेट भजे आणले, म्हटलं थोडं तरी खा."

रडले! सासरा गेला तेव्हा देवानंद रडला नव्हता. पोटचं दोन दिवसांचं लेकरू गेलं तेव्हाही पाठ फिरवून तळ्यावर निघून गेला होता. आणि या बाईपुढे रडला. भजी खाल्ली असती, हसला असता, हात धरला असता, तरी रंजूनं एकवेळ माफ केलं असतं. पण त्याची भीती त्यानं दुसरीकडे नेऊन दिली. ती रंजूची होती. मांडीवरचा गार पाय तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि मरो म्हणावंसं वाटलं तरी सोडला नाही.

दवाखान्यात एक तरुण नर्स होती, कुठल्याशा शहरातली. रंजू ओरडत शिरली, "लवण! लवणीत झालं त्यांच्या!" नर्स म्हणाली, "मीठ? मीठ जास्त झालं का जेवणात?" रुखमिणीनं मुकाट्यानं देवानंदचा पाय वळवून दाखवला. डॉक्टर आला, त्यानं पावलाची नाडी शोधली, गुडघ्यामागे बोटं घातली आणि त्याचा चेहरा उतरला.

"कोणी चोळलं का हे?"

रंजूच्या हाताला अजून टोरीच्या तेलाचा वास होता.

"मी," रुखमिणी म्हणाली. "मी चोळलं डॉक्टरसाहेब."

रंजूनं तिच्याकडे पाहिलं. म्हणजे आता हेही हिचंच! लवण हिनं पाहिली, गाठ हिला सापडली, रडणं हिच्यापुढे झालं, आणि आता चूकही ही बाई उचलून नेणार. मग रंजूकडे उरलं काय?

"खोटी आहे ते!" ती इतक्या जोरात बोलली की सगळा वार्ड वळला. "मी चोळलं. दोन अंगठ्यांनी, जोर लावून. नवरा माहा आहे, हात माहे आहेत. तिचा काही संबंध नाही!"

डॉक्टरला या दोघींच्या भांडणात गम्य नव्हतं. त्यानं अँब्युलन्स काढली. नागपूरला त्याच रात्री ऑपरेशन झालं. दुसऱ्या पायातली एक नस काढून लवणीत जोडली, फुगलेल्या नळीला वळसा घालून. पाय वाचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र काळं पडलं, ती दोन काढावी लागली. आणखी थोडा उशीर झाला असता तर गुडघ्यापासून गेला असता, मोठे डॉक्टर म्हणाले. रंजूला उंबऱ्यात उभं राहिलेलं आठवलं. ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

नागपूरच्या नर्सनं तिला पावलावरची नाडी शोधायला शिकवली. तेव्हापासून रोज सकाळी रंजू देवानंदच्या पायाशी बसते. सासूला हात लावू देत नाही. रुखमिणी विचारायला आली की दारातूनच सांगते, "आहे नाडी. चालू आहे." आणि दार लोटून घेते. उपकार वगैरे सगळं खरं, पण स्वभाव काय दवाखान्यात काढून देतात?

यंदा पुन्हा शिंगाडे लागले. देवानंदला पाण्यात उतरायची बंदी. आता चुलीपाशी तो बसतो, गंजाखाली लाकडं सारतो. आणि सोसायटीवाल्यांनी, त्यांचं भलं होवो, रंजूची जोडी लावून दिली रुखमिणीशी.

पहिल्या दिवशी दोघी पाण्यात दहा शब्दही बोलल्या नाहीत. संध्याकाळी बाहेर आल्या. "फिरा बाई," रुखमिणी म्हणाली. रंजू नाइलाजानं फिरली, लुगडं गुडघ्यावर धरलं. ती लांब, गार बोटं लवणीत आली. घाई नव्हती. दोन्ही दोऱ्यांच्या कडांनी, मग मध्ये, मग खाली, मग दुसरा पाय. तीस वर्षांत इतक्या सावकाश रंजूकडे कोणी पाहिलं नव्हतं. देवानंदचं आपलं "नाही, चल." आणि तिचंही तेच. तिच्या मनात आलं, आपण जर त्याला एकदा तरी असं पाहिलं असतं तर ते उडणं आपल्याच बोटाला लागलं असतं. हेवा कशाचा करावा हे तिला आता कळलं आणि तो पहिल्याहून जास्त झोंबला.

"काय शोधून राहिल्या वो एवढा वेळ?" देवानंद चुलीपासून ओरडला.

"तुमी लाकडं पाहा!" रंजू खेकसली. मग रुखमिणीला म्हणाली, "फिर आता तू."

"राहू द्या बाई. माही मी हातानंच चाचपतो."

"फिर म्हणतो न."

रुखमिणी फिरली. रंजूनं तिचं ओलं लुगडं वर केलं आणि वाकली. दोन्ही लवणी बारीक बारीक काळ्या डागांनी भरल्या होत्या. जळवांच्या जुन्या डागांनी. एकावर एक, एखाद्या ठिकाणी चिघळून बसलेले. नवऱ्याच्या पायावर तिनं जो डाग शोधला होता, तो सगळा इथे होता.

"हे कधीचं वो?"

"मागच्या हंगामाचं."

"काहून? हे पाहत नव्हते तुई लवण?"

"भाऊजी म्हणत होते, पाहतो म्हणून," रुखमिणी पाठमोरीच बोलली. "मीच नाही म्हटलं. तुमी काठावरून पाहून राहत होत्या न."

रंजू आणखी खाली वाकली. उजव्या लवणीत, अगदी आत, एक ताजी जळू चिकटलेली होती. तिनं डाव्या हातानं मिठाची पुडी ओढली, दातानं दोरा सोडला.

"हालू नको," ती म्हणाली. "मले वेळ लागंल."